हिरड्यांकडे पाहावे

वरूड-मोर्शीच्या संत्राबागांना अंबिया आणि मृग असे दोन बहार येतात. अशा जिल्ह्यात ‘क’ जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या स्कर्व्हीविषयी सांगावे लागणे विसंगत वाटेल. ब्रिटिश नौदलातील जेम्स लिंड यांनी 1747 मध्ये संत्री व लिंबे देऊन खलाशी बरे केल्यापासून हा रोग इतिहासजमा झाला, अशीच समजूत आहे. प्रत्यक्षात स्वमग्न किंवा सेरेब्रल पाल्सी असलेल्या बालकांत तो आजही आढळतो.

फळे घरात असतात, पण मुलाच्या पोटात जात नाहीत. स्वमग्न मूल महिनोन्महिने दूध, बिस्किटे आणि पोळी एवढ्यावरच राहते. गिळण्याचा त्रास असलेल्याला शिजवून मऊ केलेली खिचडी भरवली जाते. दुधात हे जीवनसत्त्व नगण्य असते आणि शिजवण्यात ते बरेच नष्ट होते. शरीर ते स्वतः तयार करू शकत नाही. साठ्यातील शिल्लक एक ते तीन महिन्यांत संपते. मूल अंगाने भरलेले दिसते, म्हणून कोणाला शंकाही येत नाही.

पहिली खूण बहुधा पायांची असते. चालणारे मूल लंगडते, उभे राहण्यास नकार देते, पाय हलवताच रडते. त्याला वेदना सांगता येत नाही आणि घरचे म्हणतात, ‘हट्ट वाढला’, किंवा मूळ व्याधीच बळावली असे मानतात. खरा धोका याच समजुतीत आहे. हिरड्या सुजून जांभळ्या होणे, त्यातून रक्त येणे, मार न लागता काळेनिळे डाग उठणे, केसांच्या मुळाशी लाल ठिपके दिसणे, ही लक्षणे सोबत असू शकतात. ती रक्ताच्या कर्करोगाची वा संधिवाताचीही वाटू शकतात. म्हणून डॉक्टरांकडे विलंब न करता जावे आणि मूल नेमके काय खाते, हे न विचारताही सांगावे. गुडघ्याचा एक्स-रे व रक्ततपासणी यांवरून निदानास मदत होते. योग्य मात्रा सुरू होताच वेदना बहुधा काही दिवसांतच ओसरतात.

कंदमुळे वर्ज्य केल्याने हा अभाव होत नाही. आवळा, पेरू, संत्रे, लिंबू हेच याचे मुख्य आधार आहेत. मात्र पर्वतिथींचा वा चातुर्मासातील हिरव्याचा नियम अशा बालकाच्या ताटाला लावू नये. लिंबू पदार्थ चुलीवरून उतरवल्यावर पिळावे. गिळण्याचा त्रास असल्यास पातळ रस श्वासनलिकेत जाऊ शकतो. त्याऐवजी बिया काढलेल्या पेरूचा दाट गर चमच्याने थोडाथोडा द्यावा.