चौसष्ट कोअरचा कॉम्प्युटर कुणाला हवा?

बारावीनंतर ॲनिमेशन किंवा आर्किटेक्चरला जाणारी मुले घरात कॉम्प्युटर मागतात. दुकानदार सांगतो, “जितके कोअर जास्त, तितके काम जलद.” मग हिशोब अम्मीच्या बांगड्यांपर्यंत जातो. म्हणून हा कोअरचा मामला आपण नीट समजून घेऊ.

कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे राबणारा एक हात. एएमडी कंपनीने २०१७ मध्ये थ्रेडरिपर नावाचा १६ कोअरचा प्रोसेसर ९९९ डॉलरला आणला. २०२० मध्ये त्याच घराण्यातला ६४ कोअरचा ३९९०एक्स आला, किंमत ३,९९० डॉलर.

आता दावतीचा स्वयंपाक आठवा. कांदा चिरायला दहा जण बसले तर काम झटपट उरकते. पण बिर्याणीची देग दमावर ठेवली की शंभर माणसे आली तरी तेवढाच वेळ लागणार! जीन ॲमडाल या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९६७ मध्ये हीच गोष्ट कॉम्प्युटरबाबत मांडली. कामाचा दहावा हिस्सा वाटून देता येत नसेल, तर १६ कोअर एका कोअरच्या ६.४ पट वेग देतात. आणि ६४ कोअर? जेमतेम ८.८ पट. पैसे चौपट, फायदा एवढाच.

थ्रीडी चित्राचे रेंडरिंग मात्र कांदा चिरण्यासारखे आहे. चित्राचे तुकडे पाडून प्रत्येक कोअरला एकेक देता येतो. ब्लेंडरसारख्या (तेही मोफत मिळणाऱ्या) सॉफ्टवेअरमध्ये ६४ कोअर खरेच कामाला लागतात. ऑटोकॅडमध्ये नकाशा काढताना बहुतेक वेळ एकच कोअर राबतो, बाकीचे बसून असतात. तिथे थोडे पण वेगवान कोअर बरे.

आकड्याला भुलू नये याचा दाखला २०१८ चा ३२ कोअरचा २९९०डब्ल्यूएक्स. त्याच्या चार भागांपैकी दोनच भाग रॅमशी थेट जोडलेले होते. परिणामी काही कामांत तो १६ कोअरच्या भावंडाच्याही मागे पडला.

शिवाय ३९९०एक्स २८० वॅटचा, त्याला मदरबोर्ड वेगळा आणि कूलरही दणकट लागतो. हा खर्च दुकानदार शेवटी सांगतो.

खरेदीआधी मुलाला कॉलेजच्या लॅबमध्ये आपले नेहमीचे सॉफ्टवेअर चालवून विंडोजचा टास्क मॅनेजर उघडायला सांगा. त्यात प्रत्येक कोअरचा आलेख वेगळा पाहता येतो. काम सुरू असताना एकदोनच आलेख वर चढत असतील, तर आठ कोअरचा प्रोसेसर घ्यावा आणि उरलेले पैसे रॅमला लावावेत.