सांच्यांतील थंडावा

नारळाच्या वड्या थापल्या म्हणजे थाळीच्या कांठाची वडी आधीं घट्ट होते व मधली मऊ राहते. घाईनें सोडविल्यास ती मोडते, हें आमच्या भगिनींस सांगावयास नको. प्लॅस्टिकच्या वस्तूंच्या कारखान्यांतही अडचण हीच आहे. वितळलेलें प्लॅस्टिक पोलादी सांच्यांत दाबानें भरण्यास कांहीं क्षण पुरतात. पण एकंदर वेळाचा अर्ध्याहून अधिक भाग बहुधा तें निवण्याची वाट पाहण्यांत जातो.

निवविण्यासाठीं सांच्याच्या अंगांत छिद्रें पाडून त्यांतून पाणी खेळवितात. परंतु ड्रिल जाणार सरळ, आणि वस्तु असते वळणाची! एक बाजू लवकर निवते, दुसरी तापलेली राहते, आणि वस्तु वांकते.

जर्मनींतील आखेन येथील फ्राउनहोफर संस्थेंत १९९० नंतरच्या दशकांत आकारास आलेली एक रीति येथें उपयोगी पडते. पोलादाच्या भुकटीचा कागदाहूनही पातळ थर पसरावयाचा, हवा तेवढाच भाग लेसर किरणानें वितळवावयाचा, आणि त्यावर पुढचा थर द्यावयाचा. पाण्याची वाट हवी तेथील भुकटी मोकळीच राहते व शेवटीं काढून टाकतां येते. अशी वाट वस्तूच्या वळणाबरोबर वळते. समजा, एका वस्तूस ३० सेकंद लागतात. निवण्यांतील ५ वांचले, तर तासास १२० ऐवजीं १४४ वस्तु निघतील.

मराठवाड्यास ह्यांत विशेष गोडी वाटावी. १२ एप्रिल २०१६ रोजीं मिरजेहून १० डब्यांची आगगाडी ५ लाख लिटर पाणी घेऊन लातुरास आली, हें कोण विसरेल? त्या प्रांतांत थेंब राखणाऱ्या ठिबकाच्या कित्येक तोट्या अशाच सांच्यांतून निघतात. तोटींतील बारीक वाट किंचित् वांकली, तर एका रोपास पाणी अधिक व दुसऱ्यास उणें मिळतें.

मात्र विंधणविहिरीचें क्षारयुक्त पाणी ह्या वळणदार वाटांचा वैरी होय. बंबांत सांचतो तसा थर आंत बसला, तर उष्णता अडते. आणि सरळ छिद्राप्रमाणें सळई घालून तो खरडतां येत नाहीं. म्हणून शुद्ध केलेलें पाणीच पुनःपुन्हां फिरवावें लागतें. शिवाय ही रीति महाग. सबब सांच्याचा अवघड गाभाच तेवढा असा घडवून बाकीचा भाग नेहमींच्या रीतीनें करणें शहाणपणाचें.

नांदेडजवळ विष्णुपुरीस १९८१ पासून श्री गुरु गोविंदसिंहजी अभियांत्रिकी संस्था आहे. छत्रपति संभाजीनगरास इंडो-जर्मन टूल रूममध्यें सांचे घडविण्याचें शिक्षण मिळतें. घरांतील एखाद्या मुलानें किंवा मुलीनें ही वाट धरूं म्हटलें, तर ‘हें तर कारागिराचें काम’ म्हणून वडिलांनीं नाक मुरडूं नये, अशी आमची विनंती आहे. येथें गणित डोक्यांत लागतें व कसब हातांत. दोहोंचा असा मेळ फार थोड्या धंद्यांत आढळतो.