मोहर्लीहून अंदमान
ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचे प्रवेशद्वार असलेल्या मोहर्लीत हिवाळा हा वाटाडे आणि जिप्सीचालकांच्या कमाईचा हंगाम असतो, आणि पावसाळ्यात गाभा क्षेत्र, म्हणजे प्रकल्पाचा कडक संरक्षणातील आतला भाग, पर्यटनासाठी बंद होऊन त्यांना उसंत मिळते तेव्हा नेमका अंदमानचा समुद्र खवळलेला असतो. त्यामुळे पहिल्या बेटसहलीसाठी हिवाळ्यातलेच चार दिवस काढावे लागतात. तेही शक्यतो डिसेंबरअखेरचे किंवा नंतरचे, कारण त्याआधी ईशान्य मोसमी वारे तेथे पाऊस आणतात. बल्लारशाहहून रेल्वेने चेन्नई आणि तेथून विमानाने श्री विजयपुरम, म्हणजे 2024 पर्यंतचे पोर्ट ब्लेअर, गाठता येते. घड्याळ भारतीयच असले तरी बेटे बरीच पूर्वेला असल्याने डिसेंबरात सूर्य पाचच्या सुमारास मावळतो, म्हणून तेथून पुढे स्वराज द्वीप या बेटावर जाण्यासाठी सकाळचीच बोट धरावी.