लघवी गळण्यावरचा व्यायाम : सत्तर वर्षांच्या चाचण्या

बाळंतपणात सैल पडलेले ओटीपोटाच्या तळाचे स्नायू व्यायामाने पुन्हा बळकट होतात आणि खोकताना-शिंकताना लघवी गळणे थांबते, असे अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ साली मांडले. व्यायामाला त्यांचे नाव मिळाले, पण पद्धतीचा अर्धा भाग मागेच राहिला. नेमका स्नायू आवळला जातो आहे का, हे केगेल योनीत बसवायच्या दाबमापकावर त्या बाईला दाखवत असत. पुढच्या चाचण्या ओळीने वाचल्या की माझे मत पक्के होते : या उपचाराचा जीव शिकवण्यात आहे.

१९९१ साली अमेरिकेत ४७ स्त्रियांना नुसत्या तोंडी सूचना देऊन तपासले गेले. जेमतेम निम्म्यांना स्नायू नीट आवळता आला. चौथा हिस्सा असा जोर लावत होता की गळती उलट वाढावी. नॉर्वेत कारी बो यांनी १९९९ मध्ये १०७ स्त्रियांवर सहा महिने व्यायाम, विद्युत उत्तेजन, योनीत धरायचे वजनी शंकू आणि काहीच उपचार नाही, अशी तुलना केली. व्यायाम सरस ठरला, आणि त्या गटाला दर आठवड्याला फिजिओथेरपिस्टचा वर्ग होता. मग केगेल यांच्यासारखे यंत्र हवेच का? ब्रिटनमध्ये ६०० स्त्रियांवरच्या, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीने याचे उत्तर दिले. दोन्ही गटांना थेरपिस्टच्या सहा भेटी होत्या, एका गटाला वर स्नायू आवळला जातो का ते दाखवणारे बायोफीडबॅकचे यंत्र. दोन वर्षांनी दोन्ही गटांत फरक नव्हता. शिकवणारे माणूस असेल तर यंत्रावाचून अडत नाही.

आक्षेप रास्त आहेत. व्यायाम करणाऱ्या बाईला आपण काय करतो ते ठाऊक असते, मग तिच्या सांगण्यावर किती विसंबायचे? १९९८ च्या एका चाचणीत, लघवीची घाई होऊन ती रोखता न येणाऱ्या १९७ वयस्क स्त्रियांत नुसत्या खोट्या गोळीनेही गळतीचे प्रसंग ३९ टक्क्यांनी घटले होते. पण औषधाने ते ६९ टक्के आणि स्नायू व सवयींच्या प्रशिक्षणाने ८१ टक्के घटले. एवढी तफावत केवळ विश्वासाने पडत नाही. नॉर्वेच्या चाचणीत तर गळती मोजायला पॅडचे वजनही केले होते. दुसरा आक्षेप अधिक जड आहे. नेदरलँड्समध्ये ४६० स्त्रियांच्या २०१३ च्या चाचणीत वर्षभराने शस्त्रक्रियेच्या गटातल्या ९१ टक्के, तर फिजिओथेरपीच्या गटातल्या ६४ टक्के जणींना आराम वाटला, आणि फिजिओथेरपीच्या ४९ टक्के स्त्रिया मधेच शस्त्रक्रियेकडे वळल्या. त्रास जास्त असेल तर शस्त्रक्रिया सरस, हे मान्य करावेच लागते. तरी उरलेल्या निम्म्या जणी त्या वर्षात शस्त्रक्रियेविना राहिल्या. शिवाय अशा शस्त्रक्रियेत वापरल्या जाणाऱ्या जाळीच्या दुष्परिणामांमुळे इंग्लंडने २०१८ मध्ये तिचा वापर रोखला.

म्हणूनच ब्रिटनची मार्गदर्शक तत्त्वे आधी किमान तीन महिने देखरेखीखालचा व्यायाम सुचवतात. त्यातला ‘देखरेखीखालचा’ हा शब्द गाळून नुसता कागद हातात देणाऱ्या डॉक्टरांनी तपासलेला उपचार दिलेलाच नसतो. तेव्हा ज्यांना हा त्रास आहे, त्यांनी वयाला दोष देऊन गप्प बसू नये. स्नायू बरोबर आवळला जातो का, हे एकदा जाणकार फिजिओथेरपिस्टकडून तपासून घ्यावे.