बोटीचं इंजिन आणि संशोधनातलं ‘नियंत्रण’

गृहीतक, चल, नियंत्रण हे शब्द आपण परीक्षेसाठी पाठ करतो. ते वापरायचे कसे, हे आज नवी मुंबईच्या खाडीतल्या एका उदाहरणावरून बघू.

दिवाळे किंवा वाशीच्या कोळीवाड्यातली एक छोटी होडी घ्या, मागे पेट्रोलवरचं आउटबोर्ड इंजिन. जागेवर इंजिन छान चालतं, पण वेग वाढवला की पाच मिनिटांत गुदमरून बंद पडतं. ओहोटी लागलेली असेल तर होडी चिखलात तासन् तास अडकते.

आता निरीक्षणापासून सुरुवात करू. कमी वेगात थोडंच पेट्रोल लागतं, जास्त वेगात भरपूर. म्हणून गृहीतक असं: पेट्रोल पुरेसं पोहोचत नाही.

पहिली चाचणी: इंजिन गुदमरायला लागलं की नळीवरचा रबरी बल्ब हाताने दाबत राहा. इंजिन सावरलं तर गृहीतकाला बळ मिळालं. नाही सावरलं तर स्पार्क, कार्बोरेटर यांचाही विचार करायला हवा.

दुसरी चाचणी: बल्ब बघा. चपटा झालाय? मग अडथळा बल्बच्या आधी, म्हणजे टाकीकडे आहे. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा. तेवढ्याने इंजिन चाललं तर उत्तर मिळालं. बल्ब कितीही दाबला तरी घट्ट होत नसेल, तर नळीत कुठूनतरी हवा शिरतेय किंवा बल्बचा व्हॉल्व्ह गेलाय.

तिसरी चाचणी, म्हणजे आपलं नियंत्रण: चांगली चालणारी दुसरी टाकी आणि नळी जोडा. दोष गेला? मग तो जुनी टाकी, नळी किंवा पेट्रोल यांतच आहे. आता नवीन टाकीला फक्त जुनी नळी लावा. एका वेळी एकच बदल!

उरलं पेट्रोल. आजच्या ई२० पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉलला पाण्याची ओढ. पावसाचं किंवा लाटेचं पाणी टाकीत गेलं आणि मर्यादा ओलांडली, की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर तळाशी जाऊन बसतं. इंजिनाची नळी नेमकी तळातूनच ओढते. टू-स्ट्रोक इंजिनात आणखी धोका: मिसळलेलं ऑइल वरच्या पेट्रोलमध्येच राहतं, त्यामुळे तळाच्या थरावर चाललेलं इंजिन वंगणाविना जाम होऊ शकतं.

तपासायचं कसं? आगीपासून दूर, मोकळ्या हवेत, टाकीच्या तळातला नमुना काचेच्या बाटलीत घ्या. दोन थर दिसले तर प्रश्न मिटला. पण एकच थर दिसला म्हणजे पेट्रोल चांगलं, असं लगेच म्हणू नका! अख्खा नमुनाच खालच्या थरातला असू शकतो. त्यात चमचाभर पाणी घाला. पेट्रोल असेल तर पाणी तळाला वेगळं बसेल, खालचा थर असेल तर पाणी त्यात विरघळून जाईल. शेजारी ताज्या पेट्रोलच्या बाटलीतही हेच करा, म्हणजे तुलना होईल. बिघडलेलं पेट्रोल हलवून सुधारत नाही, टाकी रिकामी करून पुसावीच लागते. ते खाडीत मात्र ओतू नका.

घाईत प्लग, फिल्टर, पेट्रोल सगळं एकदम बदललं तरी इंजिन चालू होईल. पण कारण कळणार नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा तिथूनच सुरुवात. प्रयोगशाळेतही हेच होतं. म्हणून वहीत प्रत्येक चाचणीपुढे तीन गोष्टी लिहा: काय बदललं, काय अपेक्षित होतं, काय झालं. ‘अपेक्षित’ हा रकाना मात्र चाचणीच्या आधी भरायचा.