विश्लेषण : ‘ओल्डबॉय’ची कथा मुळात कोणाची? चोरी आणि रिमेक यांत फरक काय?

हिंदी ‘जिंदा’ ही कोरियन ‘ओल्डबॉय’ची नक्कल असल्याची चर्चा जुनी आहे. पण ‘ओल्डबॉय’ची कथा तरी मूळ कोरियन आहे का? मुंबई असो वा वाशिम जिल्ह्यातील जऊळका, कोरियन गुन्हेपट आता मोबाइलवर सबटायटल्ससह पाहता येतात. त्यामुळे ‘हे आधी कुठेतरी पाहिलंय’ ही शंकाही वाढली आहे. मग चोरी कशाला म्हणायचे?

‘ओल्डबॉय’ कुठून आला?

पार्क चान-वूक दिग्दर्शित हा चित्रपट २००३ मध्ये आला. २००४ मध्ये त्याला कान महोत्सवात ‘ग्राँ प्री’ पुरस्कार मिळाला. त्याचा आधार आहे गारोन त्सुचिया आणि नोबुआकी मिनेगिशी यांची जपानी चित्रकथा, म्हणजे मांगा. एका माणसाला वर्षानुवर्षे डांबून ठेवायचे आणि अचानक सोडून द्यायचे, हा सांगाडा मांगाचाच. मात्र मांगातील १० वर्षांची कैद चित्रपटात १५ वर्षांची झाली. सूडाचे कारण आणि हादरवणारा शेवटही नव्याने लिहिला गेला. हे सारे हक्क घेऊन आणि श्रेय देऊन झाले.

मग ‘जिंदा’वर आक्षेप का?

संजय गुप्ता यांच्या ‘जिंदा’त (२००६) कैद १४ वर्षांची आहे. कथेतील साम्य उघड होते. तरी कोरियन चित्रपटाचे हक्क न घेताच तो केल्याची टीका झाली. याउलट ‘डोंबिवली फास्ट’चे दिग्दर्शक निशिकांत कामत यांचा ‘रॉकी हँडसम’ (२०१६) हा ‘द मॅन फ्रॉम नोव्हेअर’ (२०१०) या कोरियन चित्रपटाचा अधिकृत रिमेक होता.

कायदा काय सांगतो?

‘हम हिंदुस्तानी’ हे नाटक आणि ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट यांच्या वादात (आर. जी. आनंद खटला) सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये कसोटी घालून दिली. कल्पना, विषय किंवा कथासूत्र यांवर कोणाचा कॉपीराइट नसतो. संरक्षण असते ते मांडणीला. दोन्ही कलाकृती पाहिलेल्या प्रेक्षकाला दुसरी ही पहिलीची नक्कल आहे असे स्पष्टपणे वाटले, तरच उल्लंघन ठरते. त्या खटल्यात ते सिद्ध झाले नाही.

‘पॅरासाइट’चे काय?

२०२० मध्ये ‘पॅरासाइट’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटासह चार ऑस्कर मिळाले, त्यांत मूळ पटकथेचाही होता. त्यानंतर निर्माते पी. एल. तेनप्पन यांनी ‘मिनसारा कन्ना’ (१९९९) या तमिळ चित्रपटाची कथा उचलल्याचा आरोप केला. नाते लपवून एकाच श्रीमंत घरात कामाला लागलेले कुटुंब, हे साम्य दोन्हींत आहे. पण तमिळ चित्रपट प्रेमकथेकडे जातो, कोरियन वर्गभेद आणि खुनाकडे. वरील कसोटी लावली तर एवढे साम्य पुरेसे ठरणे कठीण.

मूळ लेखकासाठी हा फरक मोलाचा आहे. ‘आधारित’ ही श्रेयनामावलीतील एक ओळ त्याला नाव देते, तर हक्कांचा करार मोबदला.