टायरवर हात फिरवा, स्ट्रट कळेल

पुढच्या टायरवरून तळहात गोल फिरवावा. टायर झिजलेला असला तरी हाताला सलग लागायला हवा. मध्येच खळगा, मग उंचवटा, पुन्हा खळगा असं लागत गेलं, तर ते चाक रस्त्याला धरून चाललेलं नाही, उड्या मारत आलेलं आहे. गॅरेजमध्ये याला कपिंग म्हणतात. शॉकअप थकल्याची खबर बहुतेक वेळा चालकाआधी टायरला लागते.

चालकाला ती उशिरा लागते, कारण शॉकअप एका दिवसात जात नाही. तो थोडाथोडा ढिला पडतो आणि नारायणगावच्या बाजारातून रोज टोमॅटोचे क्रेट वाहणाऱ्या माणसाचं अंग त्या डुलण्याला सरावतं. ब्रेक दाबला की गाडी नाक खाली घालते, वळणावर कलंडल्यासारखी होते. हे सगळं गाडीचा स्वभाव म्हणून खपून जातं. पण चाक क्षणभर जरी रस्त्यावरून उचललं गेलं, तरी तेवढा वेळ त्या चाकाचा ब्रेक निरुपयोगी असतो.

सगळ्या पिकअपची पुढची बांधणी सारखी नसते. २००५ साली आलेल्या मूळ टाटा एसला, म्हणजे ‘छोटा हत्ती’ला, पुढेही पाटेच (लीफ स्प्रिंग) होते. २०१६ मध्ये आलेल्या मारुती सुपर कॅरीला मागे पाटे आहेत, पण पुढे मोटारीसारखा मॅकफर्सन स्ट्रट. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याची ही रचना १९५० च्या सुमारास फोर्डच्या ब्रिटिश कॉन्सल आणि झेफिर गाड्यांतून रुळली. स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबावर बसवलेले, आणि तोच खांब चाकाचा वरचा आधार. स्टिअरिंग फिरवलं की तोही फिरतो. त्यामुळे तो बिघडला की धक्के तर बसतातच, चाकाचा कोनही हलू शकतो.

स्प्रिंग धक्का झेलते, पण झेललेला सगळा जोर परत करते. एकटी असती तर गाडी कितीतरी वेळ झुलत राहिली असती. तिला आवरतो शॉकअप. त्याच्या नळीत तेल असतं आणि दट्ट्याच्या बारीक झडपांतून ते जोराने ढकललं जातं, त्यात धक्क्याची शक्ती उष्णता होऊन निघून जाते. दट्ट्याच्या चकचकीत दांड्यावर रबरी बूट असतो. तो फाटला की पावसाळ्यातला चिखल दांड्याला चिकटतो, दांडा वर-खाली होताना सील घासलं जातं आणि तेल बाहेर येऊ लागतं. बूट स्वस्त आहे, पण स्ट्रटचं आयुष्य बरंचसं त्याच्यावर अवलंबून असतं.

तपासणी बघण्यापासून सुरू करावी. नळीवर तेलाचा पुसट ओलावा दिसला तर घाबरायचं कारण नाही. पण तेल ओघळून त्यावर धुळीचे थर बसले असतील, तर स्ट्रट संपला. गाडीचा पुढचा कोपरा जोर लावून दाबायचा आणि सोडायचा, ही जुनी परीक्षा आजही कामाची आहे: कोपरा वर येऊन थांबला तर ठीक, दोन-तीनदा झुलला तर शॉकअप गेला. मात्र मालगाडीच्या स्प्रिंगा कडक असतात, त्यामुळे कोपरा झुलला नाही एवढ्यावरून शॉकअप ठणठणीत आहे असं समजू नये.

आवाजाच्या बाबतीत सर्वांत जास्त पैसे वाया जातात. छोट्या खड्ड्यावर खट्-खट् वाजलं की स्ट्रट बदलून मोकळं होण्याची घाई होते, आणि नंतर कळतं की दोष बॉल जॉइंटचा किंवा लोअर आर्मच्या बुशचा होता. उभ्या गाडीत एकाने स्टिअरिंग फिरवावं आणि दुसऱ्याने स्प्रिंगला हलकेच हात लावावा. स्प्रिंग अडकून झटक्याने सुटत असेल, तर वरच्या माउंटिंगचं बेअरिंग बघावं. टायर एकाच कडेने झिजत असेल तर आधी अलाइनमेंट तपासावी. आणि गाडी बसली असेल तर शॉकअपला दोष देऊ नये. उंची स्प्रिंग आणि पाटे धरतात.

स्ट्रट बदलायचे ठरले तर दोन्ही बाजूंचे एकदम बदलावेत. एक नवा आणि एक थकलेला असेल तर ब्रेक लावताना गाडीची दोन चाकं दोन तऱ्हेने वागतात. मागच्या चाकांना दगड लावून, पुढून गाडी उचलून स्टँडवर ठेवतात. नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणी तिच्याखाली हात घालू नये. ब्रेकची नळी स्ट्रटवरून सोडवायची, बोल्ट काढण्याआधी त्यांच्या जागी रंगाची खूण करायची, आणि सुटलेला नकल, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो भाग, तारेने बांधून ठेवायचा, म्हणजे त्याचा भार नळीवर येत नाही.

इथून पुढचं काम जीवघेणं ठरू शकतं. स्ट्रट गाडीतून निघाला तरी त्यावरची स्प्रिंग दाबलेलीच असते आणि तिला अडवून धरतो तो वरचा मधला नट. स्प्रिंग कॉम्प्रेसर न लावता तो नट सोडला, तर स्प्रिंग समोरच्याच्या तोंडावर उडू शकते. तार किंवा दोरखंड बांधून वेळ मारून नेणं इथे चालत नाही. कॉम्प्रेसरचे आकडे समोरासमोर लावून आळीपाळीने आवळायचे आणि स्प्रिंग वरच्या बैठकीपासून सुटी झाल्यावरच नटाला पाना लावायचा. ज्याच्याकडे हे हत्यार नाही, त्याने स्ट्रट गॅरेजला न्यावा.

नवा स्ट्रट बसवण्याआधी उभा धरून काही वेळा दाबून-ओढून घेतात, म्हणजे आतली हवा निघते. दांडा पकडीत धरायचा नाही. पकडीच्या दातांचा एक ओरखडासुद्धा सील कापतो. स्प्रिंगचं टोक बैठकीच्या खाचेत बसलं पाहिजे. बूट, बंप स्टॉप आणि माउंटिंग याच वेळी नवे घालावेत, कारण त्यांच्यासाठी सगळं पुन्हा उघडण्याची मजुरी त्यांच्या किमतीपेक्षा जड जाते. रबरी बुशमधले बोल्ट गाडी चाकांवर उभी केल्यावर शेवटचे आवळायचे, नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं. मग अलाइनमेंट.

एवढं करूनही पुढून घुमल्यासारखा आवाज येत राहिला, तर नवे स्ट्रट लगेच परत नेऊ नयेत. तो आवाज बहुधा खळगे पडलेल्या जुन्या टायरचा असतो, आणि टायर बदलल्याशिवाय तो जात नाही.